गाडी चालवायची, प्रश्न विचारायचे नाहीत

'नार्कोज' एका वीकेंडला संपवलेल्या कुणालाही विचारा, तस्कर कसा दिसतो? उत्तर ठरलेलं आहे. जाड मिशा, सोन्याची चेन, मागे दोन बंदूकधारी आणि मेक्सिको आला की पडद्यावर पसरणारा तो पिवळा फिल्टर. आता प्रश्न थोडा बदलू. सीमेच्या अलीकडे, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या शहरात तो कसा दिसतो? इथे आपली गॅलरी एकदम रिकामी होते. कारण तिथे तो तसा दिसतच नाही. दिसतं ते एवढंच : भाड्याने दिलेलं एक बैठं घर, हायवेवरून जाणारा एक ट्रक, पेट्रोल पंपाच्या कडेला थांबलेली एक साधी गाडी आणि स्टीअरिंगवर एकोणीस-वीस वर्षांचं कुणीतरी.

मला बोलायचंय ते या एकोणीस-वीसच्या कुणातरीबद्दल. पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी ही शहरं समजून घ्यावी लागतील.

टेक्सासमधलं एल पासो घ्या. समोर नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. मध्ये रिओ ग्रांदे आणि तिच्यावर पूल. रोज हजारो लोक या पुलांवरून कामाला, शाळेला, आजीला भेटायला ये-जा करतात. २०१० साली हुआरेझमध्ये तीन हजारांहून जास्त खून झाले. त्याच वर्षी एल पासोत किती झाले? पाच. तीन हजार आणि पाच. मध्ये फक्त एक नदी, तीही उन्हाळ्यात जेमतेम ओली. एल पासोचं नाव तेव्हा अमेरिकेतल्या सर्वात सुरक्षित मोठ्या शहरांत घेतलं जायचं.

या आकड्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. कुणी म्हणतं, बघा, कुंपणाने काम केलं. कुणी म्हणतं, बघा, सीमेवर धोका-बिका काही नाही, सगळा राजकारण्यांचा कांगावा. शहर शांत असण्याची साधी कारणंही आहेतच. लष्कराचा मोठा तळ आहे, पावलोपावली गणवेश आहेत, पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली कुटुंबं आहेत. पण मला त्या 'पाच'मध्ये आणखी एक गोष्ट दिसते. हुआरेझमध्ये ज्या मालाच्या वाटेसाठी मुडदे पडत होते, त्यातला बराच माल याच पुलांवरून एल पासोतून पुढे जात होता. पलीकडे वाटेवर कब्जा करायचा असतो, म्हणून गोळ्या चालतात. अलीकडे फक्त वाट वापरायची असते. अलीकडे गोळी झाडली तर उद्या दारात एफबीआय उभी राहील, पूल बंद होईल, ट्रक अडकतील. धंदेवाल्याला हे कशाला हवंय? शहर शांत राहणं हे त्याच्याच फायद्याचं.

आता यात माणसं कशी नेतात, ते बघू.

आपल्याला वाटतं, सीमा म्हणजे एक रेघ. नदी ओलांडली, भिंत चढली, झालं. तसं नसतं. सीमेच्या आत साधारण ४० ते १६० किलोमीटरच्या पट्ट्यात, मोठ्या हायवेंवर, अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलचे तपासणी नाके आहेत. म्हणजे नदी ओलांडलेला माणूस कागदावर अमेरिकेत पोचला, पण ह्यूस्टन किंवा शिकागोला जाण्यासाठी त्याला अजून एक सीमा पार करायची असते. नदी आणि नाका यांच्या मधल्या पट्ट्यात तो अडकतो. लारेडो, मॅकॲलन, ब्राउन्सव्हिल ही शहरं नेमकी याच पट्ट्यात आहेत. शहरं कसली, वेटिंग रूमच.

आणि ही वेटिंग रूम म्हणजे एक घर. तिथले पोलिस त्याला स्टॅश हाउस म्हणतात, म्हणजे माल दडवून ठेवायचं घर. साधी कॉलनी, पुढे हिरवळीचा तुकडा, आत फर्निचर नाही. खिडक्यांना चादरी. दोन खोल्यांत वीस, तीस, कधी त्याहून जास्त माणसं जमिनीवर बसलेली. फोन काढून घेतलेले. घरमालकाला भाडं वेळेवर मिळतं, त्याची तक्रार नाही. शेजाऱ्याला कधी कचऱ्याच्या पिशव्या जास्त दिसतात, कधी रात्री गाड्या जास्त येतात. अशी घरं उघडकीला येतात ती अनेकदा या असल्या किरकोळ गोष्टींवरून. ड्रोनवरून नाही, कचऱ्यावरून.

२०२१ मध्ये टेक्सासच्या सीमेवर एक चमत्कारिक गोष्ट बॉर्डर पेट्रोलला सापडायला लागली. रंगीत प्लॅस्टिकचे रिस्टबँड. आपल्या कॉलेज फेस्टला एन्ट्रीला बांधतात ना, अगदी तसेच. कुणावर 'आगमन', कुणावर 'पोचवणी' अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द छापलेले. कुणी पैसे भरलेत, कोण कुणाचं 'गिऱ्हाईक' आहे, किती वेळा प्रयत्न झालाय, याचा हिशेब मनगटावर. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातला तो पिवळा फिल्टर गळून पडला. ही गँग नाही, ही कुरियर कंपनी आहे. फक्त पार्सलला घाम येतो आणि तहान लागते.

हे असं कंपनीसारखं कायम नव्हतं. पूर्वी गावातला एखादा माहीतगार माणूस, ज्याला तिकडे कोयोटी म्हणतात, थोड्या पैशांत वाट दाखवायचा. कित्येक जण तर स्वतःच यायचे, हंगाम संपला की परत जायचे. १९९३ मध्ये एल पासोत 'होल्ड द लाइन' आणि १९९४ मध्ये सॅन दिएगोत 'गेटकीपर' अशा मोहिमा सुरू झाल्या. शहरालगतची सोपी वाट बंद केली की लोक वाळवंट बघून मागे फिरतील, असा होरा होता. लोक फिरले नाहीत. ते ॲरिझोनाच्या वाळवंटात शिरले, मेले, आणि जे मेले नाहीत त्यांना आता एकट्या कोयोटीच्या जागी अख्खी साखळी लागू लागली. वाट दाखवणारा वेगळा, घर सांभाळणारा वेगळा, गाडीवाला वेगळा, पैसे घेणारा वेगळा. वाट जितकी अवघड, तितकी फी जास्त. फी जितकी जास्त, तितके मोठे खेळाडू. बंदोबस्त नको असं कुणीच म्हणत नाही. पण प्रत्येक नव्या भिंतीच्या उद्घाटनाला या कंपनीनेही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या असतील, असं मला वाटतं.

या सगळ्याचं सर्वात भयंकर रूप दिसलं २७ जून २०२२ ला, टेक्सासच्या सॅन अँटोनिओत. शहराच्या कडेला, क्विंटाना रोडवर एक ट्रक उभा होता. जवळ काम करणाऱ्या एकाला मदतीची हाक ऐकू आली. कंटेनरमध्ये ६४ माणसं भरलेली होती. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरासची. ४८ जण तिथेच गेलेले, आणखी पाच जण हॉस्पिटलमध्ये गेले. एकूण ५३. त्यात सहा मुलं आणि एक गर्भवती. कंटेनरचं कूलिंग बिघडलेलं होतं आणि टोळीतल्या काहींना ते आधीपासून माहीत होतं, हे पुढे तपासात निघालं. बाहेर टेक्सासचा जून, आत साधारण तीन तासांचा प्रवास. प्रत्येकाच्या घरच्यांनी १२ ते १५ हजार डॉलर मोजलेले. तेव्हाच्या दराने साधारण दहा-बारा लाख रुपये.

इथे थोडं थांबू. कारण आपल्याकडे ही बातमी आली ती 'ट्रकमध्ये ५३ मृतदेह' एवढ्या मथळ्यापुरती. मला जास्त अस्वस्थ करतं ते त्या ट्रकचं साधेपण. तो लारेडोहून निघणाऱ्या आय-३५ हायवेवरून आला. लारेडो हे भूमार्गाने होणाऱ्या व्यापारातलं अमेरिकेचं सर्वात मोठं बंदर. दिवसाला हजारो ट्रक तिथून सुटतात. टीव्ही, गाड्यांचे पार्ट, ॲव्होकॅडो. त्या रांगेत हाही एक. त्याच्यावर एका खऱ्या, सरळमार्गी मालवाहतूक कंपनीचे नोंदणी क्रमांक उचलून रंगवले होते. म्हणजे ट्रकचा डुप्लिकेट आयडी. वाटेतल्या बॉर्डर पेट्रोलच्या नाक्यावरून तो गेला, तिथल्या कॅमेऱ्यात चालकाचा फोटोही आला. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? प्रत्येक ट्रक उघडून बघायचा तर दोन देशांचा व्यापार हायवेवरच नासेल. जो रस्ता शहराला पोसतो, त्याच रस्त्यावर हा धंदा चालतो. त्याला वेगळा रस्ता लागतच नाही.

खटल्यात आणखी एक गोष्ट समोर आली. ही एकच टोळी नव्हती. वेगवेगळ्या टोळ्यांनी वाटाडे, घरं, ट्रक, ड्रायव्हर आपसात वाटून घेतले होते. खर्च कमी, धोका विभागलेला, नफा जास्त. आपण कारपूल करतो, तसं. यातल्या प्रमुखाला २७ जून २०२५ ला, घटनेला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, जन्मठेप झाली. चालक त्या संध्याकाळीच जवळच्या झुडपांत लपलेला सापडला होता.

चालक सापडतोच. कारण तो एकटाच माणूस असा असतो, ज्याला त्या जागी हजर असावं लागतं.

आता येऊ त्या एकोणीस-वीसच्या कुणातरीकडे. ॲरिझोनात कोचीस काउंटी आहे, मेक्सिकोला लागून. गेल्या काही वर्षांत तिथल्या शेरिफच्या लोकांनी पकडलेल्या चालकांत शाळकरी म्हणावीत अशी मुलं सापडू लागली. फिनिक्ससारख्या, तासन्‌तास लांबच्या शहरांतली. ही मुलं कुठल्या कार्टेलची नव्हती. त्यांनी फोनवर एक पोस्ट पाहिली होती. स्नॅपचॅट, टिकटॉक, कुठेही. गाडी आहे? लायसन्स आहे? एका रात्रीत काही हजार डॉलर कमवायचेत? हो म्हटलं की एक लोकेशन पिन येतो. तिथे जायचं, रस्त्याकडेच्या झुडपांतून माणसं बाहेर येतात, त्यांना बसवायचं आणि दुसऱ्या पिनवर सोडायचं. गाडी चालवायची, प्रश्न विचारायचे नाहीत. पिन कोण पाठवतं, माहीत नाही. पैसे कोण टाकतं, माहीत नाही. बॉसचा चेहरा कधी दिसत नाही. आपल्या इथल्या डिलिव्हरी बॉयलाही ॲपमागचा माणूस दिसत नाहीच की. गिग इकॉनॉमी हा शब्द आम्ही थर्ड इयरला पाठ केला होता. ही तिचीच चुलत बहीण.

आणि पोलिसांची गाडी मागे लागली की हे सोळा-सतरा वर्षांचं पोर काय करतं? ॲक्सिलरेटर दाबतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच काउंटीत एक बाई आपल्या ६५व्या वाढदिवसाच्या जेवणाला निघाल्या होत्या. पोलिसांना चुकवत सुसाट निघालेल्या गाडीने त्यांना धडक दिली. त्या गेल्या. गाडी चालवणारा सोळा वर्षांचा होता. माणसं नेण्याच्या कामावर होता, असा त्याच्यावर आरोप. त्यामुळे या मुलांना 'बिचारे, फसले' म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. मागच्या सीटवर चार-पाच माणसं दाटीवाटीने लपून बसलीत, हे काही न कळण्यासारखं नसतं. पण गुन्हेगार म्हणून त्यांचे फोटो छापले की साखळी तुटली, असं म्हणायलाही मी तयार नाही.

टेक्सासने २०२४ पासून कायदा कडक केला. माणसांच्या चोरट्या वाहतुकीला आता बहुतेक बाबतींत किमान दहा वर्षं तुरुंग. ठीक आहे, गुन्हा गंभीर आहे. पण हे दहा वर्षांचं गणित कुणाला लागू पडतं? हायवेवर सापडतो त्याला. त्याची जागा दुसऱ्या दिवशी नवी पोस्ट टाकून भरली जाते. जाहिरात टाकणारा सीमेपलीकडे किंवा तीन राज्यं पल्याड बसलेला. ज्या ॲपवर जाहिरात झळकली, ती कंपनी एक निवेदन काढते, आम्ही असा मजकूर खपवून घेत नाही. मग पुढच्या आठवड्यात नव्या इमोजीत तीच जाहिरात.

याच्या शेजारी दुसरी एक केस ठेवून बघा. २०१२ मध्ये एचएसबीसी बँकेने अमेरिकन सरकारशी तडजोड केली. मेक्सिको-कोलंबियाच्या ड्रग टोळ्यांचे किमान ८८.१ कोटी डॉलर बँकेतून धुतले गेले, असं सरकारचं म्हणणं होतं. बँकेने १.९ अब्ज डॉलर भरले. त्या प्रकरणात बँकेच्या एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. एकीकडे सापडलेल्या पोरासाठी दहा वर्षं, दुसरीकडे चेक. माझं म्हणणं एवढंच, की साखळीचं हे वरचं टोक आपण बघतच नाही, कारण तिथे पाठलाग नाही, सायरन नाही, व्हिडिओ नाही.

ड्रग्जचंही तसंच. भाषणांत ऐकलं तर वाटेल, फेंटानिल पाठीवर बांधून लोक वाळवंटातून पळत येतात. प्रत्यक्षात पकडल्या गेलेल्या फेंटानिलपैकी बहुतांश सापडतं ते अधिकृत प्रवेशनाक्यांवर आणि हायवेच्या तपासणी नाक्यांवर, साध्या गाड्यांत. सॅन दिएगोजवळच्या सॅन इसिद्रो नाक्यावरून दिवसाला सुमारे ७० हजार वाहनप्रवासी आणि २० हजार पादचारी अमेरिकेत शिरतात. एवढ्या गर्दीत एका गाडीच्या टायरमध्ये, डॅशबोर्डमागे काही किलो सहज जातं. आणि गाडी चालवणारा? अमेरिकेच्या शिक्षा आयोगाची आकडेवारी सांगते, २०२१ मध्ये फेंटानिल तस्करीत शिक्षा झालेल्यांपैकी ८६ टक्के अमेरिकन नागरिक होते. कारण सरळ आहे. निळा पासपोर्ट असला की रांग पटकन सरकते. धंद्याला घुसखोर नको असतो, त्याला स्वच्छ रेकॉर्डचा नागरिक हवा असतो. कधी कधी तर खिडकीतला माणूसच आपला हवा असतो. पैसे घेऊन गाड्या न तपासता सोडल्याबद्दल सीमेवरच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झालेल्या आहेत.

भुयारांचाही एक किस्सा सांगायला हवा, कारण तो सिनेमात घातला तर प्रेक्षक हसतील. ऑगस्ट २०१८. ॲरिझोनातलं सॅन लुईस हे सीमेवरचं छोटं शहर. तिथे केएफसीचं एक बंद पडलेलं रेस्टॉरंट. त्याच्या किचनच्या फरशीत जेमतेम आठ इंचांचं भोक. खाली भुयार, सुमारे १८० मीटर लांब, आणि दुसरं टोक मेक्सिकोतल्या एका घरात, बेडखाली. सॅन दिएगोच्या ओटाय मेसा भागात तर २०२० मध्ये अधिकाऱ्यांनी १३०० मीटरहून लांब भुयार जाहीर केलं. आत रूळ, वीज, हवा खेळती ठेवायची सोय, लिफ्ट. ओटाय मेसाच का? कारण तो गोदामांचा भाग. गोदामात दिवसभर खोकी येतात-जातात, मशीन धडधडतात. खोदकामाचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

उलट दिशेने काय जातं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. बंदुका. मेक्सिकोत कायदेशीर बंदुका विकणारी दुकानं देशभरात फक्त दोन, दोन्ही लष्कराची. टेक्सास-ॲरिझोनात मात्र हायवेलगत दुकानंच दुकानं. इथेही पुन्हा तेच : स्वच्छ रेकॉर्डचं कुणीतरी, बहुतेकदा तरुण, आपल्या नावावर बंदूक घेतं, काही डॉलर कमावतं आणि बंदूक दुसऱ्याला देऊन टाकतं. मेक्सिकोने २०२१ मध्ये अमेरिकन बंदूक कंपन्यांवर दावा ठोकला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो एकमताने फेटाळला. विषय संपला.

आणि रोख पैसे? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या सीमेलगतच्या ३० पिनकोडांत आदेश काढला, की मनी ट्रान्सफरच्या दुकानांनी २०० डॉलरच्या वरच्या प्रत्येक रोख व्यवहाराची माहिती द्यायची. एरवी ही मर्यादा १० हजार डॉलरची. २०० डॉलर म्हणजे साधारण १७ हजार रुपये. गावी आईला पैसे पाठवणारी मोलकरीणही त्यात आली. छोटे दुकानदार कोर्टात गेले. पुन्हा बघा, चाळणी कुणासाठी बारीक झाली ते.

२०२५ मध्ये सीमेवर पकडल्या जाणाऱ्या लोकांची संख्या १९७० नंतरच्या नीचांकावर आली. त्यावरून धंदा संपला असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, घर, ट्रक, ड्रायव्हर आणि खाती तर तिथेच आहेत. त्यात माणूस बसवायचा की पाकीट, हे फक्त भावावर ठरतं.

आता जरा आपल्या पेशाकडे वळते. इंटर्न म्हणून माझं निम्मं काम एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचं. तिथे एक शब्द मला रोज टोचतो : 'मानवी तस्करी'. इंग्रजीत दोन वेगळे गुन्हे आहेत. एकात माणूस स्वतः पैसे देऊन चोरवाटेने सीमा पार करतो. दुसऱ्यात त्याला फसवून, विकून, डांबून राबवून घेतात. मराठीत आपण दोन्हींना एकच लेबल लावतो. परिणाम असा, की पहिल्या प्रकारातला माणूस कधी गुन्हेगार होतो, कधी गुलाम, पण गिऱ्हाईक म्हणून तो आपल्याला दिसतच नाही. आणि स्टॅश हाउसमध्ये याच गिऱ्हाइकाचा ओलीस होतो. घरी फोन जातो, आणखी पाठवा, नाहीतर... एका शब्दात दोन्ही कोंबले, की हे वळण नेमकं कुठे आलं तेच हरवतं. 'चोरटी माणूसवाहतूक' हा शब्द कानाला बरा नाही, मान्य. पण खरा आहे.

हे गिऱ्हाईक आपल्या ओळखीचंही असू शकतं. अमेरिकेच्या २०२३ च्या आर्थिक वर्षात सीमांवर आणि विमानतळांवर अडवलेल्या भारतीयांच्या नोंदी जवळपास ९७ हजार होत्या. २१ डिसेंबर २०२३ ला शाहरुखचा 'डंकी' रिलीज झाला. त्याच दिवशी फ्रान्सच्या वात्री विमानतळावर संयुक्त अरब अमिरातींतल्या फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं एक विमान अडवलं गेलं. आत ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. त्यातले २७६ जण पाच दिवसांनी उतरले ते आपल्या मुंबईत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला आलं. गुजरात, हरयाणा, पंजाब ही नावं सगळ्यांनी वाचली. यादीत महाराष्ट्रातलेही तिघे होते.

साखळी उत्तरेकडच्या सीमेवरही तीच. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब कॅनडातून अमेरिकेच्या मिनेसोटात चालत जाताना गोठून मेलं. आई-वडील, अकरा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. वाऱ्यासकट थंडी उणे ३८ अंशांपर्यंत. पलीकडे त्यांना घ्यायला कोण आलं होतं? भाड्याची १५ सीटर व्हॅन घेऊन फ्लोरिडाहून आलेला एक टॅक्सीवाला. घर, गाडी, फोन, ड्रायव्हर. मे २०२५ मध्ये त्या चालकाला साडेसहा वर्षांची आणि त्याला काम देणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. भारतातली बाजू अजून उलगडतेच आहे.

त्या बाजूला आपण विद्यार्थी आहोत. डिसेंबर २०२४ मध्ये ईडीने याच प्रकरणात मुंबई, नागपूर, गांधीनगर आणि वडोदऱ्यात छापे टाकले. ईडीचा आरोप असा : माणशी ५५ ते ६० लाख रुपये घ्यायचे, कॅनडातल्या एखाद्या कॉलेजात ॲडमिशन करायची, फी भरायची, स्टुडंट व्हिसा काढायचा. ॲडमिशन लेटर खरं, कॉलेज खरं, व्हिसा खरा, विमानाचं तिकीट खरं. कॅनडात उतरल्यावर मात्र कॉलेजचं तोंडही न बघता अमेरिकेच्या सीमेकडे निघायचं. आणि कॉलेजने घेतलेली ती फी, ईडीच्या म्हणण्यानुसार, नंतर मुकाट्याने त्याच विद्यार्थ्याच्या खात्यात परत आलेली असायची.